अण्णा बोलत नाहीत

७ फेब्रुवारी

अण्णा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते. पण कागदावर साष्टांग घालणाऱ्याची कंबर कधी धरत नाही, त्यावर विश्वास ठेवू नये, असं तुम्हीच म्हणायचात. तेव्हा हा उभ्या उभ्या केलेला साधा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेलच. ओळखूनही फोडलंत, म्हणजे निम्मं काम झालं.

परवा माझी तोंडी परीक्षा झाली. आता नावामागे डॉक्टर लावता येईल. बाहेरगावाहून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे होते. तासभर त्यांनी मला उकळत्या पाण्यात ठेवलं. हे तापमान का, हेच आम्ल का, कडं जुळलं हे कशावरून? सगळं सांगितलं. मग त्यांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, “ठीक आहे. पण हे सात अणूंचं कडं बनवून उपयोग काय, ते तुमच्या शब्दांत सांगा. पुस्तकातलं नको.”

पुस्तकातलंच तोंडावर आलं होतं. पण मला तुमच्या दुकानात येणाऱ्या त्या निवृत्त संगीत शिक्षिका आठवल्या. त्यांची हकीकत तुम्ही मला सांगितली होती. गाल कुठे दुखतो ते दाखवताना त्या बोट गालाजवळ न्यायच्या, पण टेकवायच्या नाहीत. नुसता वारा लागला तरी चेहऱ्यात वीज चमकायची, आणि ज्या गोळीनं त्या पुन्हा गायला लागल्या तिच्या पोटात सातांचं कडं होतं. मी तेच सांगितलं. परीक्षक म्हणाले, “हे कुठे वाचलंत?” मी म्हटलं, “वाचलं नाही. आमच्या अण्णांच्या औषधाच्या दुकानात ऐकलं.”

“आमच्या” म्हणून गेले. सवय हो.

माझा विषय मी तुम्हाला पहिल्यांदा सांगितला तो दिवस आठवतोय? काउंटरमागच्या स्टुलावर बसले होते. लग्न नवं होतं, मी बावरलेली. तुम्ही विचारलंत, “तू तिथे दिवसभर नक्की काय करतेस?” मी म्हटलं, “विषमचक्रीय संयुगं बनवते.” तुम्ही दुकानामागच्या स्वयंपाकघराकडे मान वळवून आईंना ओरडून सांगितलंत, “ऐकलंस का, ही आपल्या घरावर प्रबंध लिहितेय!”

मग मी समजावून सांगितलं. कार्बनचे अणू हात धरून गोल उभे राहिले की कडं होतं. त्यातल्या एखाद्याच्या जागी नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक असा परका येऊन उभा राहिला की ते विषमचक्रीय. आणि बहुतेक वेळा कड्याला गुण येतो तो त्या परक्यामुळेच. तुम्ही लगेच म्हणालात, “म्हणजे सून.” आत भांडं आपटल्याचा आवाज आला होता.

तेव्हापासून तुमचा खेळ सुरू झाला. फळीवरची कुठलीही स्ट्रिप उचलायची आणि म्हणायचं, “हिच्यात दाखव कडं.” मी खोक्याच्या मागे काढून दाखवायची. पित्ताच्या गोळीत दोन कडी एकमेकांना चिकटलेली, बुरशीच्या मलमात पाचांचं, क्षयाच्या गोळीत सहांचं. तुम्ही हट्टाला पेटलात की बिनकड्याचं औषध शोधून दाखवीनच. पॅरासिटामॉलवर तुमचा अर्धा मुद्दा मान्य झाला. कडं आहे, पण निव्वळ कार्बनचं. शेवटी मधुमेहाच्या गोळीवर मी हरले. तिच्यात कडंच नाही, कुठलंच नाही! तुम्ही भर दुकानात टाळी वाजवलीत, “याच्यात एकही कडं नाही!” ती गोळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, “मग कडं असलेली द्या ना. थोडे जास्त गेले तरी चालतील.”

आणि प्रयोगात लागणाऱ्या पिरिडीनचा वास. सडलेल्या मासळीसारखा तो वास घेऊन मी घरी यायची आणि आई मला न्हाणीघर दाखवायच्या. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पण माझा पांढरा कोट तुम्ही स्वतः गॅलरीत वाळत घालायचात, आणि शेजारच्यांनी नाक मुरडलं तर “माझाच आहे” म्हणायचात.

प्रबंधात आभाराच्या पानावर तुम्ही आहात. ते पान टाइप केलं तेव्हा मी तुमची सून होते. बांधणी होऊन आलं तेव्हा नव्हते. गाइड सरांनी हळूच विचारलं, “पान बदलायचंय का?” मी म्हटलं, “सर, घेतलेली मदत परत करता येत नाही, मग आभार कसे परत घेणार?”

एवढंच सांगायचं होतं. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. मागे पत्ता लिहिलाय तो आपला रीत म्हणून.

तुमची
कंपाउंडर

(कंपाउंड बनवते ती कंपाउंडर, हे नाव तुमचंच. इथे मला कोणी या नावानं हाक मारत नाही.)


२ मार्च

अण्णा,

उत्तराची वाट पाहत नव्हते. खरंच. फक्त पोस्टमन गेल्यावर एकदा पेटी उघडून बघायचे. डिंक निघून एखादं पाकीट आत चिकटून बसतं कधीकधी.

मग मंगळवारी धीर करून दुकानात फोन केला. तुम्हीच उचललात. मी म्हटलं, “अण्णा, मी बोलतेय.” पलीकडे दातांतून श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला, आणि तुम्ही फोन ठेवलात.

समजलं. पुन्हा करणार नाही.

पण पत्र लिहिणं काही सोडणार नाही. फोन ठेवता येतो. पत्राला तशी सोय नाही. फार तर न वाचता फेकाल. तुम्ही छापील कागद कधी फेकत नाही, औषधाबरोबर येणारी ती मुंगीच्या अक्षरांतली घडीसुद्धा वाचता. तेव्हा मी निर्धास्त आहे.

मी घर सोडलं त्या दिवशी तुम्ही काउंटरवर पाठ करून उभे होतात. स्ट्रिपा लावत होतात, लावलेल्याच पुन्हा लावत होतात. मी वाकले तेव्हा तुम्ही म्हणालात, “पुस्तकांना जागा करून दिली मी या घरात. तुम्ही दोघांनी एकमेकांना तेवढी तरी जागा ठेवायची होतीत.” तुमचा राग मला तेव्हाही चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. तुमच्या मुलाची आणि माझी भांडणं झाली असती तर तुम्ही मिटवली असतीत. आमची भांडणंच होत नव्हती. एका खोलीत राहणारे दोन सभ्य भाडेकरू होतो आम्ही. ते तुम्ही कसं मिटवणार होतात?

असो. इथे औषध कंपनीत माझं बरं चाललंय. म्हणजे, बरं नाही. छोट्या चंबूत जुळणारं कडं मोठ्या पात्रात जुळत नाहीये. गेल्या आठवड्यात पात्र उघडलं तर आत डांबर. अक्षरशः. रस्ता करता आला असता. आमच्या विभागप्रमुख बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा लागतं.

डांबर खरवडताना रविवार आठवत होते. प्रयोगशाळेत एकट्यानं काम करायचं नाही असा नियम, सुट्टीच्या दिवशी कोणी सोबतीला यायचं नाही, आणि माझा प्रयोग रविवार बघून थांबणारा नव्हता. तुम्ही दुकान अर्धा दिवस बंद ठेवून यायला लागलात. पहारेकऱ्याच्या वहीत नातं या रकान्यात “पालक” लिहायचात. कोपऱ्यात सुरक्षेचा चष्मा लावून पेपर वाचत बसायचात. मी दुपारभर थेंब थेंब सोडत असायची. तुम्ही एकदा वैतागून म्हणालात, “ओत की गं एकदम! काय औषधाच्या बाटलीसारखं मोजून घालतेस?”

मी सांगितलं, “अण्णा, हा रेणू म्हणजे लांब साखळी. तिनं वळून स्वतःचंच दुसरं टोक धरायचं, तेव्हा कडं होतं. एकदम ओतलं तर गर्दी होते, आणि गर्दीत जो तो शेजाऱ्याचा हात धरतो. मग कडं राहतं बाजूला, नुसता गुंता होतो.”

“पाचांचं, सहांचं लवकर जुळतं म्हणालीस ना?”

“त्यांची टोकं जवळ असतात. सातांचं जरा आडमुठं.”

तुम्ही पेपर पुन्हा उघडलात. “मग सोड निवांत. मला कुठे जायचंय.”

“मला कुठे जायचंय.” अण्णा, कितीतरी माणसांनी मला बुद्धी दिली, पुस्तकं दिली, शिफारसपत्रं दिली. शेजारी बसून वेळ फक्त तुम्ही दिलात. तुम्ही फोन ठेवलात म्हणून हे खोटं होत नाही.

कंपाउंडर


२० मार्च

अण्णा,

हे पत्र आधी पूर्ण वाचा. मग रागवा, फाडा, काय हवं ते करा.

काल ताईंचा फोन आला. तुमची लेक माझ्याशी आपणहून बोलली, ती भांडायलाच.

“कशाला पत्रं पाठवतेस?” त्या म्हणाल्या. “तू गेलीस आणि अण्णांनी बोलणं टाकलं. दाढी वाढवलीय, अर्धपोटी उठतात, कोणाशी शब्द नाही. आई तर येईल त्याला सांगते, सून गेली आणि ह्यांनी संसारातून मन काढलं.”

तुमच्या मौनाचं कारण मीच, हे मलाही आतून वाटतच होतं. मग त्या रागारागात एकेक सांगत गेल्या. उन्हाळा लागला तरी तोंडाला मफलर. पंखा लावू देत नाहीत. दाढी करत नाहीत. जेवतात ते एका बाजूनं, मऊ काहीतरी, आणि मधेच घास ठेवून डोळे मिटतात. दाताच्या डॉक्टरांनी उजवीकडच्या दोन दाढा काढल्या तरी दुखायचं थांबलं नाही.

“ताई, थांबा,” मी म्हटलं. “दुखतं तेव्हा अण्णा गाल दाबून धरतात का?”

“नाही गं. हात नेतात गालापर्यंत, आणि मधेच थांबवतात. लावतच नाहीत.”

मी कागद ओढून त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घेतलं.

अण्णा, ती संगीत शिक्षिका! तुम्ही स्वतः मला तिचं वर्णन करून सांगितलंत. दाढ काढून उपयोग न होणं, वाऱ्याची भीती, एका बाजूनं खाणं, बोलायला घाबरणं, सगळं तेच. तिची गोळी तुम्ही वर्षानुवर्षं तुमच्या हातानं दिलीत. जगाला औषध वाटणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गालावर तेच दुखणं येऊन बसावं आणि त्याला ते दिसू नये? की दिसलंय, आणि तुम्ही बघत नाही?

मी डॉक्टर नाही. माझी डॉक्टरकी चंबूपुरती. माझा अंदाज साफ चुकीचा असू शकतो. पण दाताच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ नका, उरलेल्या दाढा सांभाळा. मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं त्यांना सांगा. बोलवत नसेल तर लिहून न्या. आणि कृपा करून स्वतःच्या फळीवरून स्वतःच गोळी उचलू नका. ती गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासावं लागतं, मात्रा हळूहळू वाढवावी लागते. ताई म्हणाल्या, दुकानातल्या साध्या दुखण्याच्या गोळ्या तुम्ही चण्यासारख्या खाताय. त्या या दुखण्याला शिवतसुद्धा नाहीत, उलट पोट जाळतील. हे तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता. आता तुम्हीच गिऱ्हाईक व्हा.

एक सांगते. ताईंनी फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. अण्णा माझ्यावर रागावलेले नाहीत, त्यांना दुखतंय! आणि पुढच्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. तुम्हाला एवढं दुखतंय यात मला कसलं बरं वाटतंय?

लवकर जा.

कंपाउंडर


४ एप्रिल

अण्णा,

तुम्ही गेला नाहीत. पत्र वाचलंत, घडी घातलीत, गल्ल्याखाली ठेवलंत आणि पुन्हा काउंटरवर उभे राहिलात. ताईंनी सांगितलं. त्या आता माझ्याशी रोज बोलतात. आधी एक वाक्य टोमण्याचं, मग काळजीचं.

का जात नाही तेही काल त्यांच्याकडून कळलं. तुमच्या थोरल्या भावांना जबड्याचा कर्करोग झाला होता. त्यांचंही दाढेपासूनच सुरू झालं होतं. शेवटच्या दिवसांत तुम्हीच त्यांच्या उशाशी होतात. मला हे कधीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं काउंटरवर हसत उभे राहिलात, आणि हे बोलला नाहीत.

म्हणजे तुम्हाला वाटतंय, माझंही तेच आहे. तपासलं की नाव कळणार, आणि नाव कळलं की सगळं घर त्या नावाखाली दबणार. त्यापेक्षा गप्प राहावं.

असेलही तसं. नाही असं मी इथून छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण अण्णा, तुमच्या दुकानात माणसं चिठ्ठी घेऊन यायची आणि ती पुढे करायला कचरायची, तेव्हा तुम्ही म्हणायचात, “कागदाला घाबरू नका, कागद तुमच्या बाजूनं आहे.” हे मी स्वतः ऐकलंय. तुमच्यासाठी वेगळा नियम का?

आता रागवाल असं एक काम मी केलंय. तुमच्या मुलाला फोन केला.

घटस्फोटाच्या सह्या झाल्यावर आम्ही बोललोच नव्हतो. तो “हॅलो” म्हणाला. मग मी कामाचं बोलल्यासारखं सगळं एका दमात सांगितलं.

तो म्हणाला, “मला वाटलं ते माझ्यावर रागावलेत. तू गेलीस म्हणून. मी समोर गेलो की मफलर वर ओढून घेतात. म्हणून मी जाणंच कमी केलं.”

“मला वाटलं माझ्यावर,” मी म्हटलं.

“आईला वाटतं तिच्यावर. तुला ती फार बोलायची ना, म्हणून. बाहेर तुझं नाव सांगते, पण रडते ती वेगळ्याच कारणानं.”

बघा अण्णा. एकटे तुम्ही गप्प बसलात आणि सगळं घर आपापला गुन्हा शोधत बसलं. ताईंनाही काहीतरी सापडलं असणार, विचारून बघा.

फोन ठेवताना तो म्हणाला, “तू अजून त्यांचं एवढं बघतेस.” त्यात टोमणा नव्हता. मी म्हटलं, “आपलं जमलं नाही. माझं आणि त्यांचं जमलं होतं.” तो हसला. आमच्या लग्नात आम्ही इतकं खरं एकमेकांशी कधी बोललो नव्हतो.

गुरुवारी सकाळी तो गाडी घेऊन येईल. डॉक्टरांची वेळ घेतलीय. दुकान ताई बघतील. त्याला नाही म्हणू नका. तोही घाबरलाय, त्याच्याकडे बघून तरी गाडीत बसा.

मी इथे आहे. मला कुठे जायचंय.

कंपाउंडर


२५ एप्रिल

अण्णा,

कर्करोग नाही!

मला हे गेल्या आठवड्यातच कळलं, तरी कागदावर लिहून बघायचं होतं. चेहऱ्याच्या मज्जातंतूला एक रक्तवाहिनी खेटून बसलीय, एवढंच. एवढंच म्हणते, पण दुखण्यात ते “एवढंच” नव्हतं. डॉक्टर म्हणाले म्हणे, “माणसं वेदनेनं भिंतीला डोकं लावतात, आणि तुम्ही काउंटरवर उभे राहून औषधं विकत होतात?”

तुमच्या मुलानं मला सगळं सविस्तर कळवलं. रक्ताची तपासणी नीट आली, मग गोळी सुरू झाली. पहिले दिवस गरगरलं, जिन्यावर आईंचा हात धरावा लागला, आणि तो धरायला तुम्हाला आवडलं नाही. मग एका दुपारी तुम्ही पाणी प्यायलात, आणि पेला खाली ठेवून नुसते बसून राहिलात. आईंनी घाबरून विचारलं, “काय झालं?” तुम्ही म्हणालात, “काही नाही झालं.” त्यांना कळेना. तुम्ही पुन्हा म्हणालात, “अगं, काही झालं नाही!” आणि मग दोघंही रडलात म्हणे. तो सांगताना स्वतः रडत होता, म्हणजे बातमी खात्रीची.

आणि परवा तुमचा फोन आला.

मी प्रयोगशाळेत होते, हातमोजे घातलेले. कोपरानं फोन उचलला. तुम्ही नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणालात, “कंपाउंडर, पोराकडून आकृती काढून घेतली या गोळीची. दोन बाजूंना सहा-सहाची. मधलं मी बोट लावून मोजलं. सातच आहेत गं! आणि त्यातला एक तो तुझा नायट्रोजन.”



मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, “त्या दिवशी फोन ठेवला तो रागानं नाही. तुझा आवाज ऐकला आणि मला हसू आलं. तेव्हा हसलं की वीज पडायची. सहन झालं नाही, म्हणून ठेवला.”

अण्णा, हे वाक्य तुम्ही किती सहज बोललात. मी चेहऱ्यावरचा सुरक्षेचा चष्मा काढला तर आतून भिजलेला. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारायला लागली, “मॅडम, काही उडालं का डोळ्यात?” मी म्हटलं, “हो, पण चांगलं आहे.”

तुम्ही सारखे माझे आभार मानत होतात, ते मात्र मला पचत नाहीत. ही गोळी मी बनवलेली नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी ते कडं जुळवलं. त्यांच्याही पात्रात डांबर झालं असेल, त्यांच्याही घरी कोटाच्या वासावरून बोलणी बसली असतील. आपण त्यांना ओळखत नाही. त्यांना तुमचा गाल माहीत नव्हता. मी इतकी वर्षं ही कडी बनवतेय, पण मी बनवलेलं काही आजवर कुणाच्या पोटात गेलेलं नाही, आणि कदाचित जाणारही नाही. याचं मला कधीकधी वाईट वाटायचं. आता तेवढं वाटत नाही. ती गाणं सुटलेली बाई तुमच्याकडे आली, तुम्ही तिचं ऐकून घेतलंत, मला सांगितलंत, म्हणून मला ते माहीत होतं. यात आभार मानायचेच तर ओळीनं खूप माणसं उभी करावी लागतील, आणि त्या ओळीत तुम्ही माझ्या पुढे आहात.

डॉक्टरांनी सांगितलंय तेही विसरू नका. गोळी मनानं बंद करायची नाही, रक्ताची तपासणी चुकवायची नाही, अंगावर पुरळ आलं तर तडक जायचं. पुढे कधी गोळी पुरेनाशी झाली तर शस्त्रक्रियेचा रस्ता आहे. हे आजचं नाही, पण रस्ता आहे.

आमचं पात्रही सुधारलं. थेंब आणखी सावकाश सोडले, ढवळणं वाढवलं, आणि बुधवारी पिवळसर स्फटिक खाली बसले. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, “छान.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे मिरवणूकच.

पुढच्या महिन्यात ये म्हणालात. आईंना विचारलंत का?

कंपाउंडर


३० मे

अण्णा,

सुखरूप पोचले. प्रवासात डबा उघडला तर आईंनी इतकं भरून दिलं होतं की समोरच्या बाकावरचं सगळं कुटुंब जेवलं.

येताना मला वाटेतूनच परत फिरावंसं वाटलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही. दारात आईच उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “वाळलीस.” मग बाजूला होऊन म्हणाल्या, “आत ये. आणि ह्यांना जरा गप्प बसायला सांग. गोळी सुरू झाल्यापासून तोंडाचा पट्टा थांबत नाही. दीड वर्षाचं साठलेलं बाहेर पडतंय.”

खरंच हो अण्णा! संध्याकाळी आपण सगळे बसलो तर दुसऱ्या कुणाला बोलायला फटच मिळेना. नळवाल्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांची खरडपट्टी झाली. तुमच्या मुलानं मला खुणेनं विचारलं, मात्रा कमी करता येईल का? ताई ठसका लागेपर्यंत हसल्या. त्याच्याशी समोरासमोर बोलताना अवघडेन असं वाटलं होतं. पण त्यानं माझ्या कपात साखर न घालता चहा दिला, ते लक्षात ठेवून, आणि मला वाटलं, चला, ओळखीचा चांगला माणूस आहे. तेवढं नातं पुष्कळ आहे. तुम्ही आम्हा दोघांकडे आशेनं बघत नव्हतात, याबद्दलही आभार.

पण हे पत्र लिहायला बसले ते दुसऱ्या दिवशी दुकानात झालं त्यासाठी. तुम्ही बोलून मोकळे झालात, पुढच्या चिठ्ठीला लागलात. तुमच्या ते लक्षातही नसेल.

मी फळीवरच्या स्ट्रिपा बघत होते. त्या जाड भिंगाच्या चष्म्याच्या शेजारीण बाई आल्या, ज्यांना सगळ्या गल्लीची खबर असते. त्यांनी मला पाहिलं, मग तुम्हाला. आवाज खाली आणायचं नाटक करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “काय हो, सून परत आली वाटतं?”

दुकानात आणखी तिघं-चौघं उभे होते. मी पाठ वळवली. मला वाटलं, अण्णा आता सारवासारव करतील, पाहुणी आहे म्हणतील, कामानं आलीय म्हणतील. मी ते मनानं मान्यही करून टाकलं होतं.

तुम्ही कात्रीनं स्ट्रिप कापत होतात. कापणं न थांबवता म्हणालात, “सून होती. आता नुसतीच आमची आहे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग माझं खोकल्याचं द्या.”

मी फळीकडे तोंड करून तशीच उभी होते. समोरच्या खोक्यांवरची अक्षरं दिसेनाशी झाली होती. इतक्यात आतला पडदा सरकला. आई हात पुसत दारात आल्या, काउंटरपलीकडच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकदा बघितलं आणि खणखणीत आवाजात तुम्हाला म्हणाल्या,

“आपली आहे तर ताटकळत कशाला उभी केलीय तिला? जेवायला पाठवा आत. वाढलंय, निवतंय.”

तुमची